विवृत्ताकार कमान : संगणकीय आरेखनातील मापनिश्चिती

ज्या कमानीचा आतील वक्र विवृत्ताच्या (लंबवर्तुळाच्या) अर्ध्या भागाच्या आकाराचा असतो, तिला विवृत्ताकार कमान म्हणतात. दरवाजे, खिडक्या, सज्जे, पूल, मोऱ्या इत्यादींमध्ये गाळा रुंद ठेवावयाचा, परंतु वरची उंची मर्यादित आहे, अशा ठिकाणी ही कमान योजतात. अशा कमानींचे आराखडे हल्ली बहुधा संगणकावरील वास्तुआरेखन आज्ञावलींच्या (सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने तयार होतात. गाळा आणि उंची ही दोन मापे दिली की पडद्यावर निर्दोष वक्र उमटतो. तथापि या दोन मापांनी फक्त वक्र निश्चित होतो, कमान निश्चित होत नाही. कमानीची जाडी, सांध्यांची दिशा, दगडांची लांबी, साच्याचा आकार आणि बाजूच्या आधारांवर येणारा रेटा यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. प्रस्तुत नोंदीत या मापांची आकडेमोड, संगणकीय आरेखनात होणाऱ्या चुका व त्या पडताळून पाहण्याच्या रीती यांचे विवरण केले आहे.

संज्ञा : कमानीच्या दोन आधारांच्या आतील कडांमधील आडवे अंतर म्हणजे गाळा. ज्या आडव्या पातळीपासून वक्र सुरू होतो तिला उगमरेषा म्हणतात. उगमरेषेपासून आतील वक्राच्या सर्वोच्च बिंदूपर्यंतची (माथ्यापर्यंतची) उंची म्हणजे चढ. माथा व उगमरेषा यांच्या दरम्यानच्या भागास कमानीचे खांदे म्हणतात. पाचरीच्या आकाराच्या दगडांची वा विटांची जी पट्टी वक्रावर रचली जाते, तिच्या जाडीस येथे कमानीची जाडी म्हटले आहे. माथ्याचा मधला दगड म्हणजे कळीचा दगड. विवृत्ताच्या भाषेत गाळा हा बृहदक्ष आणि चढ हा अर्धलघुअक्ष होय. अर्धा गाळा ‘अ’ व चढ ‘उ’ या अक्षरांनी दर्शविल्यास, गाळ्याच्या मध्यापासून ‘क्ष’ इतक्या आडव्या अंतरावरील वक्राची उगमरेषेपासूनची उंची ‘य’ पुढील सूत्राने मिळते :

य = उ × √(१ − क्ष²/अ²)

चढ अर्ध्या गाळ्याइतका असल्यास हीच कमान अर्धवर्तुळाकार होते. त्यामुळे अर्धवर्तुळाकार कमान हा विवृत्ताकार कमानीचा एक विशेष प्रकार मानता येतो.

ऐतिहासिक आढावा : दख्खनमधील सुलतानशाही वास्तूंत टोकदार कमान व मराठाकालीन वाड्यांत महिरपी कमान विशेष प्रचारात होती. सातारा जिल्ह्यातील लिंब येथील अठराव्या शतकातील बारा मोटांची विहीर दगडी कमानकामासाठी प्रसिद्ध आहे. अशा कमानींचे वक्र गवंडी वर्तुळखंडांच्या साहाय्याने आखीत. वर्तुळखंडाची जीवा (दोन टोकांमधील अंतर), शर (मधली उंची) व व्यास यांचा परस्परसंबंध भास्कराचार्यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथात दिलेला आहे. गाळा व चढ यांवरून वर्तुळखंडी कमानीची त्रिज्या काढण्याचे आजचे सूत्र त्याच संबंधावर आधारलेले आहे.

रुंद गाळ्याच्या पुलांसाठी विवृत्तसदृश कमानी यूरोपात प्रथम प्रचारात आल्या. फ्लॉरेन्स येथील सांता त्रिनिता हा पूल बार्तोलोम्मेओ आम्मानाती या वास्तुशिल्पज्ञाने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवून दिला. तो पुन्हा मूळ रूपात उभारताना त्याच्या कमानींच्या वक्राचे नेमके गणिती स्वरूप कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आणि त्याविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलासाठी रॉबर्ट मिल्न याने विवृत्ताकार कमानी सुचविल्या, तेव्हा अर्धवर्तुळाकार कमानच अधिक भक्कम असते, असा पक्ष डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५९ मध्ये वृत्तपत्रांतून मांडला होता. तरीही मिल्नचाच आराखडा स्वीकारला जाऊन १७६९ मध्ये पूल खुला झाला. इझंबार्ड किंग्डम ब्रूनेल यांनी मेडनहेड येथे थेम्स नदीवर बांधलेल्या रेल्वेपुलाच्या (१८३९) दोन विटांच्या कमानींचा गाळा प्रत्येकी १२८ फूट व चढ सुमारे २४ फूट आहे. हा वक्र शुद्ध विवृत्त मानल्यास माथ्याजवळ त्याची वक्रता त्रिज्या सुमारे १७० फूट, तर उगमरेषेपाशी केवळ ९ फूट भरते. एकाच वक्रात त्रिज्या इतकी पालटते, हेच विवृत्ताकार कमानीचे वैशिष्ट्य आणि तिच्या बांधकामातील अडचणीचे मूळही होय.

सातारा-सांगली परिसरातील महत्त्व : महाबळेश्वरजवळ उगम पावणारी कृष्णा वाई, कराड, सांगली या गावांवरून वाहते. कराड येथे तिला कोयना मिळते. या प्रदेशात काळा बसाल्ट दगड विपुल असल्यामुळे दगडी कमानींचे पूल, घाट, वेशी व वाडे यांची परंपरा येथे दीर्घ आहे. सांगली येथील कृष्णेवरील आयर्विन पूल संस्थानकाळात बांधला गेला आणि व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते १९२९ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. कृष्णेच्या पुराची पातळी सांगलीत आजही या पुलापाशीच फुटांत मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानतात. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या पुरांत पाणी ५० फुटांच्या वर गेले, तर ऑगस्ट २०१९ मध्ये त्याने ५७ फुटांची मर्यादा ओलांडली. अशा नदीकाठी मोरी किंवा लहान पूल बांधताना पाणी कमानीत चढू लागल्यावर वाहण्यास किती रुंदी उरते, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही.

दुसरी बाब भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या कोयना भूकंपात सातारा जिल्ह्यातील दगड-मातीच्या बांधकामांची मोठी हानी झाली. कमान आपल्या आधारांना बाहेरच्या बाजूस सतत रेटीत असते. त्यामुळे आधार हलले तर कमानीस तडा जातो. या परिसरात कमानीचे माप ठरविताना तिचा रेटा पेलणाऱ्या भिंतीचाही विचार करावा लागतो, तो याच कारणाने. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय व कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे या भागात अभियांत्रिकी शिक्षणाची सोय झाली. कागदावरील आरेखनाची जागा आता संगणकाने घेतली असली, तरी पुढील आकडेमोड दोन्ही पद्धतींना सारखीच लागू पडते.

मूलभूत आकडेमोड : उदाहरणादाखल ३.०० मी. गाळ्याची व १.०० मी. चढाची वेशीची कमान घेऊ. येथे अ = १.५० मी. व उ = १.०० मी. वरील सूत्रावरून वक्राच्या निरनिराळ्या बिंदूंची उंची पुढीलप्रमाणे येते :

मध्यापासून ०.०० मी. अंतरावर उंची १.००० मी.
मध्यापासून ०.२५ मी. अंतरावर उंची ०.९८६ मी.
मध्यापासून ०.५० मी. अंतरावर उंची ०.९४३ मी.
मध्यापासून ०.७५ मी. अंतरावर उंची ०.८६६ मी.
मध्यापासून १.०० मी. अंतरावर उंची ०.७४५ मी.
मध्यापासून १.२५ मी. अंतरावर उंची ०.५५३ मी.
मध्यापासून १.५० मी. अंतरावर उंची ०.००० मी.

मध्याकडून बाहेर जाताना पहिल्या २५ सेंमी.मध्ये वक्र केवळ १४ मिमी.ने उतरतो, तर शेवटच्या २५ सेंमी.मध्ये ५५३ मिमी.ने उतरतो. त्यामुळे उगमरेषेजवळ बिंदू अधिक दाट घ्यावे लागतात.

विवृत्ताच्या दोन नाभी गाळ्याच्या मध्यापासून √(अ² − उ²) एवढ्या अंतरावर असतात. येथे हे अंतर १.११८ मी. येते. या दोन बिंदूंवर खिळे ठोकून त्यांना गाळ्याइतक्या, म्हणजे ३.०० मी. लांबीच्या दोरीची टोके बांधली व दोरी ताणून पेन्सिल फिरविली, तर हाच वक्र जमिनीवर उमटतो. माथ्यावरील वक्रता त्रिज्या अ²/उ, म्हणजे २.२५ मी., तर उगमरेषेपाशी ती उ²/अ, म्हणजे ०.६७ मी. असते.

पुष्कळदा चढ आधी ठाऊक नसतो. कमानीखालून काय जावयाचे आहे ते ठाऊक असते. समजा, उगमरेषा जमिनीपासून २.१० मी. उंचीवर आहे आणि ३.०० मी. गाळ्याच्या वेशीतून कडब्याने भरलेली २.४० मी. रुंद व २.७० मी. उंच गाडी जावयाची आहे. गाडीचा वरचा कोपरा मध्यापासून १.२० मी. अंतरावर व उगमरेषेपासून ०.६० मी. उंचीवर येतो. त्या बिंदूतून जाणाऱ्या वक्राचा चढ य ÷ √(१ − क्ष²/अ²), म्हणजे ०.६० ÷ ०.६० = १.०० मी. येतो. हा किमान चढ होय. प्रत्यक्षात त्यात मोकळ्या जागेची भर घालावी लागते. याच गाळ्याची व चढाची वर्तुळखंडी कमान घेतल्यास तिची त्रिज्या १.६२५ मी. येते आणि १.२० मी. अंतरावर तिची उंची केवळ ०.४७ मी. भरते, म्हणजे गाडी सुमारे १३ सेंमी.ने अडेल. दोन्ही कमानींचा गाळा व चढ सारखाच असूनही एकीतून गाडी जाते व दुसरीतून जात नाही.

जलमार्गाच्या बाबतीतही हाच फरक दिसतो. पाणी चढाच्या निम्म्या उंचीवर आले असता विवृत्ताकार कमानीत पाण्याच्या पातळीवर गाळ्याच्या सुमारे ८७ टक्के रुंदी खुली असते, तर वरील वर्तुळखंडी कमानीत सुमारे ७८ टक्के. उगमरेषेच्या वरचे एकूण क्षेत्रफळ विवृत्ताकार कमानीत २.३६ चौ. मी. व वर्तुळखंडी कमानीत २.१७ चौ. मी. भरते.

वक्राची लांबी : दगडांची संख्या ठरविण्यासाठी आतील वक्राची लांबी लागते. विवृत्ताच्या परिघासाठी वर्तुळासारखे साधे सूत्र नाही. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१४ मध्ये दिलेले आसन्न (जवळपासचे) सूत्र व्यवहारात पुरेसे अचूक आहे. त्यानुसार ह = ((अ − उ)/(अ + उ))² असे घेतल्यास अर्ध्या विवृत्ताची लांबी पुढीलप्रमाणे येते :

लांबी = १.५७०८ × (अ + उ) × [१ + ३ह ÷ (१० + √(४ − ३ह))]

वरील उदाहरणात ही लांबी ३.९६६ मी. येते. माथ्यावर कळीचा दगड यावा म्हणून दगडांची संख्या विषम घेतात. २१ दगड घेतल्यास प्रत्येकाची आतील लांबी सुमारे १८.९ सेंमी. पडते. येथे एक चूक सहज होते. विवृत्त रेखताना जो साहाय्यक कोन वापरतात, त्याचेच २१ समान भाग केले, तर दगड समान होत नाहीत. उगमरेषेजवळचे दगड सुमारे १५ सेंमी.चे व माथ्याचे सुमारे २२ सेंमी.चे होतात. म्हणून संगणकावर वक्राची विभागणी करताना ती कोनाने न करता लांबीने करणाऱ्या आज्ञेचा उपयोग करावा.

संगणकीय आरेखन : संगणकाच्या पडद्यावर प्रत्यक्ष रेखाटन करण्याची पद्धती आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीने दाखवून दिली. १९८२ मध्ये प्रसृत झालेल्या ऑटोकॅड या आज्ञावलीमुळे ती लहान कार्यालयांच्याही आवाक्यात आली. ऑटोकॅडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत विवृत्त म्हणून जे रेखले जाई, ते वस्तुतः लहान लहान वर्तुळखंडांची साखळी असे. खरे विवृत्त १९९४ च्या तेराव्या आवृत्तीपासून उपलब्ध झाले. दोहोंपैकी कोणता प्रकार रेखावयाचा, हे वापरणाऱ्यास आजही ठरविता येते. जुन्या आराखड्यांवरून काम करताना मूळ वक्र कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम पाहणे इष्ट असते.

मापे भरताना होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत सामान्य चूक अक्ष व अर्धअक्ष यांच्या गोंधळाची होय. पुष्कळ आज्ञावली पहिला अक्ष त्याच्या दोन टोकांनी, म्हणजे पूर्ण लांबीने घेतात. परंतु दुसऱ्या अक्षाबाबत मात्र मध्यापासूनचे अंतर, म्हणजे अर्धी लांबी मागतात. वरील उदाहरणात गाळ्यासाठी ३.०० व चढासाठी १.०० हे आकडे द्यावे लागतात. चढाच्या जागी २.०० दिल्यास कमान दुप्पट उंच होते. दुसरी चूक पातळीची. काही आज्ञावलींत कमानीच्या माथ्याची उंची जमिनीपासून, तर काहींत उगमरेषेपासून विचारली जाते. तिसरी चूक गिलाव्याची. तयार गाळा ३.०० मी. हवा असेल व गिलावा २ सेंमी. जाडीचा असेल, तर बांधकामाचा गाळा ३.०४ मी. ठेवावा लागतो.

काही आज्ञावली वक्राऐवजी सरळ रेषाखंडांचा बहुभुज साठवितात. स्केचअपमध्ये वर्तुळ हे नेहमीच्या मांडणीत २४ बाजूंच्या बहुभुजाने दर्शविले जाते आणि ते एका दिशेने ताणून विवृत्त मिळवितात. आपल्या उदाहरणात अशा बहुभुजाच्या बाजूंचे मध्य खऱ्या वक्रापासून माथ्याजवळ सुमारे ९ मिमी. व उगमरेषेजवळ सुमारे १३ मिमी. आत पडतात. बाजूंची संख्या ९६ केल्यास हा फरक १ मिमी.हून कमी होतो. चित्र दाखविण्यासाठी पहिला बहुभुज पुरेसा आहे. दगड कापण्यासाठी मात्र नाही.

जाडी व समांतर वक्र : आतील वक्र विवृत्त असला आणि कमानीची जाडी सर्वत्र सारखी ठेवली, तर बाहेरील वक्र विवृत्त राहत नाही. वर्तुळाला समांतर रेषा काढली असता ती वर्तुळच असते; विवृत्ताच्या बाबतीत तसे घडत नाही. यामुळेच ऑटोकॅडमध्ये विवृत्ताला समांतर वक्र काढण्याची आज्ञा दिली असता विवृत्त न मिळता मुक्त वक्र (स्प्लाइन) मिळतो. ही आज्ञावलीची चूक नसून भूमितीचा नियम आहे.

ही अडचण टाळण्यासाठी अनेक आरेखक बाहेरील वक्र म्हणून दोन्ही अर्धअक्षांत जाडी मिळवून दुसरे विवृत्त काढतात. वरील कमानीस ३० सेंमी. जाडी दिल्यास दुसऱ्या विवृत्ताचे अर्धअक्ष १.८० मी. व १.३० मी. होतात. माथ्यावर व उगमरेषेवर जाडी बरोबर ३० सेंमी. भरते, खांद्यांवर मात्र ती सुमारे ५ मिमी.ने कमी होते. एवढा फरक चुन्याच्या सांध्यात सामावू शकतो. परंतु कमान चपटी व जाड असल्यास तो दुर्लक्षणीय राहत नाही. ३.०० मी. गाळा, ०.५० मी. चढ व ४५ सेंमी. जाडी असेल, तर खांद्यांवरील जाडी साडेतीन सेंमी.पेक्षा अधिक घटते.

समांतर वक्र आतील बाजूस काढताना आणखी एक मर्यादा येते. उगमरेषेपाशी वक्रता त्रिज्या उ²/अ इतकी लहान असते. समांतर अंतर तिच्याहून अधिक झाल्यास आतील वक्र स्वतःलाच छेदतो. वरील चपट्या कमानीत ही त्रिज्या सुमारे १७ सेंमी. आहे. कमानीखालच्या लाकडी साच्याच्या फळ्यांची जाडी वजा करून साच्याच्या फाशांचा आकार काढतात, तेव्हाही समांतर वक्रच घ्यावा. अक्षांतून जाडी वजा करून काढलेले विवृत्त घेऊ नये.

सांध्यांची दिशा : कमानीच्या प्रत्येक दोन दगडांमधील सांधा आतील वक्राशी काटकोनात असावा लागतो. वर्तुळखंडी कमानीत सर्व सांधे केंद्राकडे रोखलेले असतात. या सवयीने विवृत्ताकार कमानीतही सर्व सांधे गाळ्याच्या मध्याकडे वळविले जातात आणि तसे आराखडे पडद्यावर दिसावयास नीटनेटकेही वाटतात. परंतु वरील कमानीत मध्यापासून १.२० मी. अंतरावरील बिंदूपाशी योग्य सांध्याचा आडव्या रेषेशी कोन सुमारे ४८° असतो, तर मध्याकडे रोखलेल्या सांध्याचा केवळ २७°. असे दगड एका कडेला निमुळते होतात. भार आल्यावर ती कड तुटते आणि दगड घसरण्याचा संभव वाढतो. योग्य दिशा काढण्याची सोपी रीत अशी : वक्रावरील बिंदूपासून दोन्ही नाभींकडे दोन रेषा काढाव्यात आणि त्यांमधील कोन दुभागावा, दुभाजक हीच सांध्याची दिशा होय. जमिनीवर हेच काम दोन दोऱ्यांनी करता येते.

तीन केंद्रांची कमान : शुद्ध विवृत्तात माथ्यापासून उगमरेषेपर्यंत प्रत्येक दगडाचा आकार वेगळा असतो व प्रत्येकासाठी निराळा फर्मा करावा लागतो. म्हणून गवंडी फार पूर्वीपासून तीन वर्तुळखंड जोडून विवृत्तसदृश वक्र साधीत आले आहेत. बाजूच्या खंडांची लहान त्रिज्या ‘ल’ निवडल्यावर मधल्या खंडाची मोठी त्रिज्या ‘म’ पुढील सूत्राने ठरते :

म = (अ² + उ² − २ × अ × ल) ÷ [२ × (उ − ल)]

या सूत्रात दोन्ही खंड जोडावर एकमेकांस स्पर्श करून जातात, म्हणजे तेथे कोन पडत नाही. आपल्या उदाहरणात ल = ०.७८३ मी. घेतल्यास म = २.०७६ मी. येते. हा वक्र खऱ्या विवृत्ताच्या मानाने मधल्या भागात सुमारे ६ मिमी. खाली, तर बाजूस सुमारे १५ मिमी. बाहेर पडतो. नजरेला हा फरक क्वचितच जाणवतो. दगडांचे मात्र दोनच फर्मे व जोडावरचा एक दगड एवढ्यावर भागते. शिवाय समांतर वक्रही वर्तुळखंडांचेच राहतात. म्हणून दगडी बांधकामात तीन केंद्रांची, तर काँक्रीटच्या ओतकामात किंवा यंत्राने कापलेल्या साच्यात शुद्ध विवृत्ताची निवड करणे सामान्यतः सोयीचे ठरते. कोणतीही निवड केली तरी आराखड्यावर तिचा स्पष्ट उल्लेख असावा. संगणकावर एक वक्र आणि साच्यावर दुसरा, अशी स्थिती झाल्यास माथ्याशी दगड बसत नाहीत.

भार व रेटा : विवृत्ताकार कमान उगमरेषेवर आधारास उभ्या दिशेने मिळते. त्यामुळे तिचा भार सरळ खाली जातो व बाजूस रेटा येत नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. समान वाटलेला भार असलेल्या कमानीचा आडवा रेटा स्थूलमानाने भार × गाळा² ÷ (८ × चढ) इतका असतो. दर मीटरला २ टन भार असलेल्या ३.०० मी. गाळ्याच्या कमानीचा रेटा १.०० मी. चढास सुमारे सव्वादोन टन, तर ०.५० मी. चढास सुमारे साडेचार टन येतो. चढ निम्मा केला की रेटा दुप्पट होतो.

समान भाराची दाबरेषा अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराची असते, आणि विवृत्ताचे खांदे त्या रेषेच्या बाहेर फुगलेले असतात. म्हणून खांद्यांच्या मागील पोकळी मुरमाने नुसती न भरता तेथे पक्के बांधकाम करावे लागते. हे बांधकाम आरेखनात बहुधा दाखविले जात नाही, कारण ते बाहेरून दिसत नाही. जुन्या कमानींच्या दुरुस्तीत खांद्यांमागचे बांधकाम उकरून काढण्यापूर्वी कमानीस खालून आधार देणे म्हणूनच आवश्यक असते. कडेच्या गाळ्याबाहेरील भिंत अरुंद असेल, तर चढ वाढविणे, लोखंडी ताणसळई घालणे किंवा भिंतीची रुंदी वाढविणे यांपैकी एखादा उपाय योजावा लागतो.

पडताळणी : आराखड्यातील किंवा प्रत्यक्ष उभ्या असलेल्या कमानीचा वक्र विवृत्त आहे की नाही, हे ओळखण्याची एक सुलभ कसोटी आहे. अर्ध्या गाळ्याच्या सहा दशांश अंतरावर विवृत्ताची उंची चढाच्या बरोबर आठ दशांश असते, आणि आठ दशांश अंतरावर सहा दशांश असते. वरील कमानीत ०.९० मी. व १.२० मी. अंतरांवर या उंची अनुक्रमे ८०० मिमी. व ६०० मिमी. येतात. तीन केंद्रांच्या कमानीत त्याच ठिकाणी सुमारे ७९५ व ६१६ मिमी., तर वर्तुळखंडी कमानीत सुमारे ७२८ व ४७१ मिमी. मिळतात. एक आडवी दोरी, एक ओळंबा आणि एक मोजपट्टी एवढ्या साधनांनी ही परीक्षा होते. जुन्या वेशी, पूल व वाडे यांची संगणकीय नोंद करताना वक्र आधी गृहीत न धरता ही दोन मापे प्रथम घ्यावीत. मुळात तीन केंद्रांची असलेली कमान विवृत्त म्हणून नोंदली गेली, तर दुरुस्तीसाठी कापलेले नवे दगड जुन्या दगडांशी जुळत नाहीत.

नव्या कामात साचा उभा करण्यापूर्वी संपूर्ण कमान सपाट फरशीवर पूर्ण मापात आखून पाहण्याची गवंड्यांची रीत आजही उपयुक्त आहे. त्या आखणीत गाळा, चढ, वरील दोन कसोटीची मापे, उजव्या व डाव्या बाजूंची समानता आणि कळीच्या दगडाची जागा तपासावी. संगणकाने काढलेला आकडा मिलिमीटरच्या अंशापर्यंत अचूक असू शकतो. तो योग्य वक्राचा आहे की नाही, हे मात्र या आखणीतच कळते, आणि तेथे सापडलेली चूक खडूची रेघ पुसून दुरुस्त करता येते.